घरातील हिंसा आणि रुग्णालयाची जबाबदारी

जमाखर्च, शस्त्रक्रियांची आकडेवारी आणि देणगीदारांची नामावली यांच्याबरोबर एखाद्या आरोग्यविषयक प्रश्नाची माहिती वाचकांपुढे ठेवावी, अशी आपल्या वार्षिक अहवालाची प्रथा आहे. क्षयरोग, मधुमेह, सर्पदंश, माता-बालकांचे पोषण या विषयांवर आम्ही यापूर्वी लिहिले. यंदाचा विषय विश्वस्त मंडळाच्या बैठकीत निघाला, तेव्हा एका ज्येष्ठ विश्वस्तांनी मोकळेपणाने विचारले, "हा विषय रुग्णालयाचा आहे काय?" प्रश्न रास्त होता. नवऱ्याने बायकोला मारणे, सुनेला उपाशी ठेवणे, म्हाताऱ्या आईच्या औषधाचे पैसे अडविणे या गोष्टी पोलिसांच्या, न्यायालयाच्या, फार तर समाजसेवी संस्थांच्या, अशी आपली सर्वांची समजूत असते. आमचीही ती पुष्कळ वर्षे होती. ती बदलण्यास एक रुग्ण कारणीभूत झाली. तिची हकिकत तिच्या संमतीने, ओळख पटणार नाही अशा बेताने तपशील बदलून, येथे देत आहोत.

पंचविशीच्या आतबाहेरची एक विवाहिता हात मोडला म्हणून अस्थिरोग विभागात आली. कोपर आणि मनगट यांच्यामधले, करंगळीच्या बाजूचे हाड मोडले होते. अंगणात पाय घसरला, असे सोबतच्या सासूबाईंनी सांगितले. आम्ही तसे लिहिले, प्लास्टर घातले व तिला घरी पाठविले. चार-पाच महिन्यांनी तीच स्त्री गर्भपात होऊन स्त्रीरोग विभागात दाखल झाली. जिन्यावरून पडल्याची नोंद झाली. उपचार झाले, रक्त चढविले, तिसऱ्या दिवशी तिला घरी सोडले. पुढे पावसाळ्याच्या तोंडावर एका रात्री तिला बेशुद्धावस्थेत अपघात विभागात आणण्यात आले. पोटात कीटकनाशक गेले होते. खोकल्याचे औषध समजून चुकून घेतले, असे पतीने सांगितले. तेही आम्ही लिहिले. अट्रोपीन, कृत्रिम श्वसनयंत्र, अकरा दिवस अतिदक्षता विभाग, आणि ती वाचली.

देयकासाठी जुने कागद जुळविताना अभिलेख विभागातील लिपिकाच्या एक गोष्ट ध्यानात आली. तीन विभाग, तीन केसपेपर, तीन नोंदणी क्रमांक, पण बाई एकच. तो कागद घेऊन परिसेविकांकडे गेला आणि म्हणाला, "सिस्टर, ही बाई आपल्याकडे सारखी पडते कशी?" त्या रात्री परिसेविका तिच्या खाटेजवळ स्टूल ओढून बसल्या. बऱ्याच वेळाने ती बोलली. तिचे एक वाक्य आम्हांला आजही बोचते. ती म्हणाली, "हात मोडला तेव्हाच कुणी विचारलं असतं, तर सांगितलं असतं."

हाडाचे निदान आमच्याकडे अचूक झाले होते. डोक्यावर येणारा काठीचा फटका अडविण्यासाठी हात आडवा धरला की नेमके तेच हाड मोडते, हे कोणत्याही अस्थिरोगतज्ज्ञास ठाऊक असते. गर्भपाताच्या वेळी पोटावरचे डाग परिचारिकेने पाहिले होते. म्हणजे प्रत्येकाला थोडे थोडे दिसले होते. विचारणे हे आपले काम आहे असे मात्र कोणालाच वाटले नव्हते, आणि एकाला दिसलेले दुसऱ्यापर्यंत पोहोचविण्याची कोणतीही व्यवस्था आमच्याकडे नव्हती.

असे प्रसंग विरळा नाहीत. २०१९ ते २०२१ या काळातील पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार, विवाहित अथवा पूर्वी विवाहित असलेल्या १८ ते ४९ वयोगटातील स्त्रियांपैकी देशात २९.३ टक्के, तर महाराष्ट्रात २५.२ टक्के स्त्रियांनी पतीकडून हिंसा सोसलेली आहे. याच सर्वेक्षणातील दुसरा आकडा आमच्या दृष्टीने अधिक गंभीर आहे. शारीरिक वा लैंगिक हिंसा सोसलेल्या स्त्रियांपैकी ७७ टक्के स्त्रियांनी मदत तर मागितली नाहीच, पण हे कोणाला सांगितलेही नाही. मदत मागणाऱ्या केवळ १४ टक्के, आणि त्यांतील बहुतेक जणी माहेरी वा नात्यातच जातात. पोलीस ठाण्याची पायरी चढणारी स्त्री विरळा. परंतु मोडलेला हात, भाजलेली पाठ, थांबत नसलेला रक्तस्राव घेऊन तिला दवाखान्यात यावेच लागते, आणि तिला तेथे आणण्यास घरचेही सहसा आडकाठी करीत नाहीत. ज्याच्याकडे ती स्वतःहून येते असे शासकीय वा सार्वजनिक ठिकाण बहुधा एकच असते, आणि ते म्हणजे रुग्णालय. ज्येष्ठ विश्वस्तांच्या प्रश्नाचे उत्तर आम्हांला येथे सापडले.

मुंबईत ही जाणीव पूर्वीच झाली होती. १९८४ मध्ये टाटा समाजविज्ञान संस्थेने मुंबई पोलीस आयुक्तालयात महिला व मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला आणि प्रशिक्षित समाजकार्यकर्ते पोलिसांच्या शेजारी बसून काम करू लागले. २००० साली ‘सेहत’ ही संस्था आणि मुंबई महानगरपालिका यांनी वांद्रे येथील के. बी. भाभा रुग्णालयात ‘दिलासा’ केंद्र उघडले. सार्वजनिक रुग्णालयाच्या आतच, त्याचाच एक विभाग म्हणून, अत्याचारग्रस्त स्त्रियांसाठी चालविलेले असे केंद्र तेव्हा देशात नवीनच होते. पुढे महापालिकेच्या इतर रुग्णालयांतही ते पोहोचले. आमच्यासारख्या तालुक्याच्या गावच्या धर्मादाय रुग्णालयास मुंबईचा नमुना जसाच्या तसा उचलता येत नाही. येथे अपघात विभागातील डॉक्टर, पोलीस हवालदार आणि आरोपीचा मामा हे कधीकधी एकाच शाळेत शिकलेले असतात. तरीही मूळ कल्पना आम्ही तेथूनच घेतली.

प्रथम विचारण्याविषयी. सरसकट प्रत्येक स्त्रीला "घरी मारहाण होते काय?" असे विचारत सुटावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगत नाही. २०१३ च्या तिच्या मार्गदर्शक सूचनांचा आशय असा, की लक्षणे संशय घेण्याजोगी असतील तेथे अवश्य विचारावे, आणि विचारण्यापूर्वी एकांत, गोपनीयता व पुढे काय करावयाचे याची तयारी असावी. ही लक्षणे कोणती? सांगितलेले कारण आणि दुखापत यांचा मेळ न बसणे, चेहरा, मान, छाती, पोट या भागांवरील इजा, क्ष-किरण चित्रात एक ताजा आणि एक जुना, आपोआप सांधलेला अस्थिभंग, गरोदरपणातील जखमा, विषप्राशन, भाजणे, आणि ज्यांचे कारण कोणत्याही तपासणीत सापडत नाही अशी दीर्घकाळची डोकेदुखी, पोटदुखी, निद्रानाश. उपचाराला येण्यास झालेला उशीर आणि रुग्णाऐवजी प्रत्येक प्रश्नाचे उत्तर देणारा नातेवाईक, यांचीही गणना लक्षणांतच केली पाहिजे.

यांतील एका लक्षणाबद्दल थोडे विस्ताराने लिहावेसे वाटते, कारण ते अनुभवी डॉक्टरांच्याही नजरेतून सुटते. गळा आवळल्यानंतर बाहेरून मानेवर काहीच खूण न दिसणे शक्य असते. आवाज घोगरा होणे, गिळताना दुखणे, डोळ्यांच्या पांढऱ्या भागात बारीक लाल ठिपके दिसणे, क्षणभर शुद्ध हरपल्याचे आठवणे, एवढ्यावरूनच ते ओळखावे लागते. मानेतील रक्तवाहिनीस इजा होऊन काही दिवसांनी पक्षाघाताचा झटका येऊ शकतो. शिवाय ज्या स्त्रीचा गळा एकदा आवळला गेला आहे तिचा पुढे त्याच व्यक्तीकडून खून होण्याचा धोका अनेक पटींनी वाढतो, असे अभ्यासांतून दिसून आले आहे. "नुसता गळा धरला होता" असे रुग्ण सहज म्हणून जाते. आमच्या अपघात विभागात आता हे वाक्य ऐकले की त्याच दिवशी, रात्र असली तरी, वैद्यकीय समाजसेविकेस बोलाविले जाते.

एकांताचा प्रश्न आम्ही एका साध्या नियमाने सोडविला. वय, धर्म, खर्चाचा वर्ग काहीही असो, प्रत्येक स्त्री-रुग्णाची तपासणी काही मिनिटे नातेवाइकांविना होते. नियम सर्वांना सारखा असल्यामुळे कोणा एकीला बाजूला घेतले असे दिसत नाही. रुग्णांच्या नातेवाइकांनी याचा राग मानू नये, ही विनंती. क्ष-किरण विभागाचे या कामी विशेष साहाय्य झाले. तेथे नातेवाइकांनी बाहेर थांबण्याचा नियम मुळातच आहे, आणि अनेक जणींनी पहिल्यांदा तोंड उघडले ते तेथील तंत्रज्ञ-भगिनीपाशी. याहून अधिक काही उपाय आम्ही योजले आहेत. ते येथे मुद्दाम लिहीत नाही. हा अहवाल सर्वांच्याच हाती पडतो.

केसपेपरवर काय लिहावे, हा त्यापुढचा प्रश्न, आणि आमचा सर्वांत अधिक वेळ याच प्रश्नाने घेतला. "पडून इजा" असे दोन शब्द डॉक्टरांनी घाईत लिहिले, तर तीन वर्षांनी न्यायालयात विरुद्ध पक्षाचा वकील तेच दोन शब्द वाचून दाखवितो. म्हणून आता रुग्णाचे म्हणणे तिच्याच शब्दांत, "रुग्णाच्या सांगण्यानुसार" असे म्हणून, कोणी, कशाने, केव्हा मारले या तपशिलासह लिहिले जाते. जखमेची जागा शरीराच्या आकृतीवर दाखविली जाते आणि लांबी-रुंदी सेंटिमीटरमध्ये मोजली जाते. डागाच्या रंगावरून तो नेमका किती दिवसांचा, हे सांगण्याचा मोह टाळावा असे आम्ही शिकविले आहे. त्याला पुरेसा शास्त्रीय आधार नाही आणि उलटतपासणीत ते टिकत नाही. मात्र सांगितलेल्या कारणाशी इजा जुळत नसेल, तर तसे मत नोंदविणे डॉक्टरांचा अधिकारच आहे.

येथे एक अडचण उद्भवली. बाह्यरुग्ण विभागाचा केसपेपर रुग्णाच्या, म्हणजे पुष्कळदा तिच्या पतीच्याच हाती असतो. त्यावर सर्व काही लिहून तिला घरी पाठविणे म्हणजे तिला पुन्हा मार खाण्यास पाठविणेच होय. म्हणून सविस्तर नोंद रुग्णालयातील स्वतंत्र, कुलूपबंद नोंदवहीत ठेवली जाते. हातात देण्याच्या कागदावर वैद्यकीयदृष्ट्या आवश्यक तेवढेच असते. तीनही विभागांना एकाच स्त्रीची पूर्वीची नोंद दिसावी यासाठी अभिलेख विभागाने क्रमांकांची पद्धत बदलली. हे काम त्याच लिपिकाने मनावर घेऊन पूर्ण केले, याचा येथे कृतज्ञतापूर्वक उल्लेख करतो.

विषप्राशनाच्या प्रकरणांत "चुकून घेतले" असे सांगण्यामागे भीती असते, ती पोलिसांची. आत्महत्येचा प्रयत्न हा गुन्हा असल्यामुळे आपल्यावरच खटला होईल, असे रुग्णाला व तिच्या माहेरच्यांनाही वाटते. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा अधिनियमाने अशी व्यक्ती तीव्र मानसिक ताणाखाली होती असे गृहीत धरण्यास सांगितले, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत जुन्या दंडविधानातील तो गुन्हाच राहिलेला नाही. पोलिसांना वर्दी अजूनही जाते, ती रुग्णालयास द्यावीच लागते. पण ही वर्दी म्हणजे रुग्णावरील आरोप नव्हे, एवढे समजावून सांगितले तरी खरी हकिकत बाहेर येण्याची शक्यता पुष्कळ वाढते.

आता कायद्याविषयी, कारण रुग्णांचे नातेवाईक आम्हांला याविषयी वारंवार विचारतात. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, २००५ हा कायदा २६ ऑक्टोबर २००६ पासून अमलात आहे. त्यात मारहाणीबरोबरच लैंगिक अत्याचार, शिवीगाळ व मानसिक छळ आणि आर्थिक कोंडी यांचाही हिंसेत समावेश केलेला आहे. तो केवळ पत्नीसाठी नाही. आई, बहीण, विधवा भावजय यांनाही त्याचा आधार घेता येतो. या कायद्याचा प्रथम हेतू कोणाला तुरुंगात धाडण्याचा नाही, ही गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. "त्यांना शिक्षा नको, पण मारणं थांबवा," असे आमच्याकडे येणाऱ्या बहुसंख्य स्त्रिया म्हणतात. या कायद्यान्वये न्यायदंडाधिकारी नेमके तेच आदेश देऊ शकतात. हिंसा करू नये असा संरक्षण आदेश, राहत्या घरातून बाहेर काढू नये असा निवासाचा आदेश, औषधोपचार व उदरनिर्वाहाचा खर्च, मुलांचा तात्पुरता ताबा हे सर्व त्यात येते. घर कोणाच्या नावावर आहे याचा त्या घरात राहण्याच्या हक्काशी संबंध नाही. संरक्षण आदेश मोडल्यास मात्र तो गुन्हा ठरतो आणि एक वर्षापर्यंत कारावास, वीस हजार रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही होऊ शकतात. अर्जाची पहिली तारीख साधारणपणे तीन दिवसांच्या आत द्यावी आणि साठ दिवसांत निकालाचा प्रयत्न व्हावा, असे कायद्यात आहे. प्रत्यक्षात याहून फार अधिक काळ लागतो. त्यामुळे अंतरिम आदेश मागणे महत्त्वाचे, असे वकील सांगतात.

या कायद्याने रुग्णालयावर टाकलेली जबाबदारी आम्हांला स्वतःलाच उशिरा कळली, हे कबूल केले पाहिजे. पीडित स्त्रीने, संरक्षण अधिकाऱ्याने वा नोंदणीकृत सेवाभावी संस्थेने मागणी केल्यास रुग्णालयाने उपचार दिलेच पाहिजेत. आधी तक्रार झालेली नाही या कारणाने ते नाकारता येत नाहीत. कौटुंबिक घटना अहवाल तोवर झालेला नसेल, तर रुग्णालयाच्या प्रमुखाने तो विहित नमुन्यात भरून स्थानिक संरक्षण अधिकाऱ्याकडे पाठवावयाचा असतो, आणि वैद्यकीय तपासणी अहवालाची प्रत त्या स्त्रीस विनामूल्य द्यावयाची असते. हा अहवाल म्हणजे पोलिसांतील प्रथम खबरी अहवाल नव्हे. तसेच शेजारी, शिक्षक, आशा कार्यकर्ती अशा कोणीही सद्भावनेने संरक्षण अधिकाऱ्यास माहिती दिली, तर त्या व्यक्तीवर त्याबद्दल कोणतीही दिवाणी वा फौजदारी जबाबदारी येत नाही. मदत करण्याची इच्छा असूनही "उगाच कोर्टाच्या फेऱ्या नकोत" म्हणून मागे राहणाऱ्यांनी हे आवर्जून लक्षात ठेवावे.

हे सर्व एकट्या रुग्णालयास जमण्यासारखे नाही. म्हणून दर महिन्याच्या एका ठरलेल्या दुपारी रुग्णालयाच्या ग्रंथालयात एक बैठक भरते. संरक्षण अधिकारी, पोलीस ठाण्यातील महिला कर्मचारी, विधी सेवा समितीच्या वकील, जिल्ह्याच्या ‘सखी’ केंद्रातील समुपदेशक, आणि आमच्याकडून वैद्यकीय समाजसेविका, परिसेविका व अपघात विभागाचे डॉक्टर असे आठ-दहा जण जमतात. पहिल्या काही बैठका निष्फळ झाल्या असे म्हटले तरी चालेल. पोलीस विचारत, तक्रार आहे का? वकील विचारत, पुरावा आहे का? आमचे डॉक्टर जखमेपुरते बोलत. त्या बाईला काय हवे आहे, हे विचारण्याची पाळी चहा आल्यावर येई. हळूहळू क्रम उलटा झाला. आता चर्चेस आरंभच तिला काय हवे आहे, येथून होतो, आणि तिने संमती दिली असेल तेवढीच माहिती टेबलावर येते.

प्रारंभीच्या काळात एक गंभीर चूकही घडली. एका प्रकरणात बैठकीनंतर आमच्यापैकीच एकाने, निव्वळ सद्हेतूने, पतीला दूरध्वनी करून "समजावून सांगितले". त्या रात्री तिला अधिक मार बसला आणि पुढे कित्येक महिने ती रुग्णालयाकडे फिरकली नाही. तेव्हापासून तिच्या परवानगीवाचून घरच्या कोणाशीही संपर्क साधावयाचा नाही, हा नियम कोणत्याही अपवादाविना पाळला जातो. पती-पत्नीस समोरासमोर बसवून समेट घडविण्याची आपल्याकडे मोठी हौस आहे. कायद्यानुसार होणाऱ्या समुपदेशनात तर हिंसेचे समर्थन करण्यास प्रतिवादीस मज्जाव आहे, आणि हे त्याला आरंभीच सांगावे लागते. "तिने उलट उत्तर दिले म्हणून" हे वाक्य तेथे ऐकून घ्यावयाचे नसते. गावकीच्या बैठकींत मात्र तेच वाक्य प्रथम ऐकले जाते.

निरनिराळ्या खात्यांनी अशी एकत्र बैठक घेण्याची पद्धत इतरत्रही रूढ आहे. वेल्समधील कार्डिफ शहरात २००३ मध्ये पोलीस, आरोग्य सेवा, गृहनिर्माण, बालसंरक्षण आदी खात्यांनी अत्यंत धोक्यातील स्त्रियांची प्रकरणे नियमितपणे एकत्र बसून पाहण्यास सुरुवात केली, आणि ही पद्धत पुढे ब्रिटनभर पसरली. तेथे पीडित स्त्री बैठकीस हजर नसते. तिची बाजू मांडण्यासाठी स्वतंत्र सल्लागार असते. आमच्याकडे हे काम समाजसेविका करतात.

वर उल्लेखिलेल्या घटकांपैकी दोहोंची अधिक ओळख करून देणे उपयुक्त ठरेल. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यान्वये कोणत्याही स्त्रीस, तिचे उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळू शकतो. २०१५ पासून सुरू झालेल्या ‘सखी’ वन स्टॉप केंद्रांत वैद्यकीय मदत, पोलीस, कायदेशीर सल्ला, समुपदेशन आणि काही दिवसांचा तात्पुरता निवारा एकाच छताखाली मिळावा अशी योजना आहे. योजना चांगली आहे. परंतु आईबरोबर ठरावीक वयापुढील मुलाला तेथे ठेवता येत नाही. चौदा वर्षांच्या मुलाला मागे टाकून कोणती आई निघेल? अशा वेळी प्रकृतीच्या दृष्टीने घरी सोडण्यायोग्य झालेली स्त्री आमच्याच एखाद्या खाटेवर आणखी दोन-तीन रात्री राहते, आणि मुलगा बाहेरच्या बाकावर झोपतो.

त्या खाटेचा खर्च कोठून करावयाचा, हा प्रश्न देणगीदारांपुढे ठेवणे आमचे कर्तव्य आहे. मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये मंजूर केलेल्या योजनेनुसार धर्मादाय रुग्णालये दहा टक्के खाटा निर्धन व दहा टक्के खाटा दुर्बल घटकांतील रुग्णांसाठी राखून ठेवतात, आणि देयकांच्या दोन टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा करतात. परंतु या सवलतीस उत्पन्नाचा दाखला वा शिधापत्रिका लागते. रात्री अंगावरच्या कपड्यांनिशी बाहेर पडलेल्या स्त्रीची सर्व कागदपत्रे सासरच्या कपाटात असतात. कागदोपत्री ती बारा एकर बागायतदाराची पत्नी असते. हातात मात्र रिक्षाचेही पैसे नसतात. तातडीचे उपचार कोणतीही अनामत न घेता होतात. त्यानंतरचे दिवस, समाजसेविकेचे वेतन, न्यायालयात साक्षीला जाणाऱ्या डॉक्टरांच्या जागी बदली डॉक्टर, मुलाचे जेवण, माहेरचे एस.टी. भाडे यांतील काहीही कोणत्याही देयकात बसत नाही. हा खर्च गेल्या वर्षी सर्वस्वी आपल्या देणग्यांतून झाला. यंत्रसामग्रीसाठी दिलेल्या देणगीची पाटी भिंतीवर लागते. या कामासाठी दिलेल्या देणगीची पाटी लावता येत नाही, याची आम्हांला खंत आहे.

प्रतिबंधाच्या बाजूने आमचे काम अद्याप अपुरे आहे. गरोदर स्त्रियांच्या तपासणीच्या दिवशी परिचारिका गटागटाने बोलतात, आशा कार्यकर्त्यांची दोन प्रशिक्षणे झाली. एका प्रशिक्षणाच्या दुसऱ्या दिवशी आमच्याच कर्मचाऱ्यांपैकी एक भगिनी समाजसेविकेच्या दारात येऊन उभी राहिली. हा प्रश्न आपल्या भिंतींच्या आतही आहे, हे आम्ही तोपर्यंत ध्यानातच घेतले नव्हते. कर्मचाऱ्यांसाठी बाहेरच्या समुपदेशकाची सोय त्यानंतर करण्यात आली. पुरुषांशी बोलण्याचे काम जवळजवळ झालेले नाही. व्यसनमुक्तीच्या बाह्यरुग्ण विभागात त्याचा आरंभ करावा, असा विचार आहे. मात्र दारू सुटली की मारहाण आपोआप थांबते, असा आमचा अनुभव नाही.

आरंभी सांगितलेल्या स्त्रीने तक्रार करावी किंवा नाही, याचा निर्णय घेण्यास सात महिने घेतले. त्या काळात ती फेरतपासणीच्या निमित्ताने येत राहिली. पुढे तिला निवासाचा आदेश मिळाला. ती आता त्याच घरात, निराळ्या दाराने, राहते. हाताचे हाड किंचित वाकडे जुळले आहे. थंडीत दुखते, असे ती सांगते.

आपल्या माहितीतील कोणास गरज असल्यास १८१ ही महिला मदतवाहिनी आणि तातडीच्या प्रसंगी ११२ हा क्रमांक उपलब्ध आहे. रुग्णालयात थेट यावयाचे असल्यास नोंदणी खिडकीवर "सिस्टरांशी बोलायचे आहे" एवढे सांगितले तरी पुरे. कारण विचारू नये, अशी सूचना खिडकीवरील कर्मचाऱ्यांना दिलेली आहे.